दहापर्यंत

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची,
ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं.
असं पंधरा वेळा. सकाळ-संध्याकाळ.
बैलहोंगलची शिवलीला घरी येऊन शिकवून गेली,
माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी असेल नसेल.
जाताना म्हणाली, अज्जी, फसवू नका हं.

मी फसवत होते.
एकतीस वर्षं अनगोळात पहिलीला शिकवलं;
एक ते दहा माझ्या जिभेवरनं
घसरगुंडीवरनं पोरं यावीत तसे येतात,
एकमेकांच्या पाठीवर, चड्ड्या फाटेस्तोवर.
मांडीला कळायच्या आत दहा.
साठ ते एकोणसत्तर तसेच गेले.

दुसऱ्या खेपेला तिनं पकडलं.
म्हणाली, असं करा, कन्नडात मोजा.

जन्म सगळा बेळगावात. भाजीवाली, मीटरवाला,
वरच्या मजल्यावरचे हिरेमठ,
सगळ्यांशी अडल्यापुरतं बोलते मी.
पण बाजारात कुणी क्रमानं मोजत नाही,
इप्पत्तु, ऐवत्तु, नूरु, एवढं आलं की पिशवी भरते.
आता ओंदु, एरडु, मूरु इथवर ठीक,
नाल्कुपाशी थांबावं लागतं,
ऐदु शोधेपर्यंत मांडी थरथरायला लागते,
आणि पुढचे तर अंधारात चपला शोधाव्या तसे.
दहाच आकडे. पण केवढे लांब!
एवढा वेळ होता होय यात,
आणि मी आजवर सुटे न मोजताच
बटव्यात टाकत आले.

एंटुनंतर मी रोज अडकते.
पेपराआडनं हे हळूच म्हणतात, ओंबत्तु.
याच माणसानं पाट्यांवरच्या अक्षरांपायी
ऐन तिशीत पोटरीवर काठी खाल्ली होती;
थंडीत अजून ती जागा चोळतात.
मी वर बघितलं की पान उलटतात,
जसं काही बोललेच नाहीत.

सात वाजता मालन सांबरेकर फाटकाशी खाकरते.
व्हॅक्सिन डेपोच्या दोन फेऱ्या,
पूर्वी चार मारायचो, त्याआधी मोजत नव्हतो.
बूट लाल मातीनं माखतात.
पुढनं पळणारी पोरं आम्हाला वळसा घालतात,
ओढ्याचं पाणी धोंड्याला घालतं तसा,
आणि धोंड्याला, खरं सांगते, बरं वाटतं.
मग बाक. मालनच्या डबीत कालचा कुंदा,
तिला साखर, मला कोलेस्टेरॉल,
म्हणून एका चमच्याचे दोन घास.
ती डोळे मिटून खाते. मी तिच्याकडे बघत खाते.
सुनांबद्दल बोलायचं नाही, असं ठरलंय;
मंगळवारपर्यंत टिकतं.

परवा हिरेमठ वहिनी जिन्यात भेटल्या.
माझे आकडे ऐकून हसल्या, मग म्हणाल्या,
आरु म्हणजे सहा, पण चहा निवला तरी आरु,
दिवा विझला तरी तेच.
एळु म्हणजे सात, आणि ऊठ, असंसुद्धा.
हत्तु म्हणजे दहा, आणि चढ.
त्या कढीपत्ता घेऊन वर गेल्या.
मी कठडा धरून तिथंच.
एवढ्याशा अंकलिपीत कुणी
म्हातारपण आणि त्यावरचा उतारा
शेजारी शेजारी ठेवून दिला होता,
आणि मी पाढे घोकून घेत बसले होते.

आज येळ्ळूरला निघाले, धाकटीकडे.
तिच्या दारची रताळी निघाली आहेत.
तीन महिन्यांत पहिल्यांदा एकटी.
बसची पायरी आहे तेवढीच उंच आहे,
कुणीतरी तासून ठेवली असेल असं
उगीच वाटलं होतं.
दांडा धरला. डावा पाय वर.
कंडक्टर दारातनं ओरडला,
हत्त्री अज्जी, लगु हत्त्री!
मला ऐकू आलं, दहा, आजी, लवकर दहा.
मागच्या बाईची पिशवी पाठीला टेकली.
इंजिन हुरहुरत होतं.

थांब रे बाबा, म्हटलं,
मी अजून सातावर आहे.