साठेखत, कलम नऊ

वकील नाझरे चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
बाई, तुमची बाजू भक्कम आहे.
शिवाजीनगर कोर्टासमोरची खोली, कुरकुरता पंखा,
साठेखत कलम नऊवर उघडं,
पान उडू नये म्हणून वर स्टेपलर.

सलग तीन हप्ते थकल्यास.
सहा थकलेत.

रजिस्टर एडीनं नोटीस पाठवू, पंधरा दिवसांची.
घेतली नाही तरी पोचली असंच धरतात.
मग करार रद्द, विसार जप्त,
ताबा परत मागायचा. नाही दिला तर दावा.
आणि दावा म्हणजे...
त्यांनी पंख्याकडे पाहिलं.
तुमचं वय काय म्हणालात?

अडुसष्ट.
त्यातली तेहेतीस पाटबंधारे खात्यात, ट्रेसर म्हणून.
धरणाची भिंत, कालवा, बुडीत क्षेत्राची हद्द
काळ्या शाईनं उतरवून घ्यायची, हात न थरथरवता.
रेषेच्या आत कुणाची चूल येते
हे ट्रेसिंग पेपरवर दिसत नाही.
मीही कधी साहेबांना विचारलं नाही.

फुरसुंगीचा दीड गुंठा ग्रॅच्युइटीतून घेतलेला.
हिरामण घाटुळेला दिला, हप्त्यानं.
फरशी बसवतो तो.
सात तारखेला यायचा, चप्पल दाराबाहेर,
वहीत घालून पंधरा हजार,
नोटांना पांढऱ्या सिमेंटचा वास.
अकरा महिने.
मग सात तारीख एकटीच यायला लागली.

मुदत वाढवून द्यायचा पर्याय आहेच,
नाझरे म्हणाले, पण तो पर्याय नव्हे, सवय आहे.
आणि एक लक्षात ठेवा,
रद्द केलंत तर विसार तुमचा,
हप्ते मात्र परत करावे लागतील.
आहेत ना बाजूला ठेवलेले?

आहेत, म्हटलं.
डाव्या गुडघ्यात.

त्याच गुडघ्यानं हडपसरला बस बदलली,
कचऱ्याच्या गाड्यांमागून चालत प्लॉटवर गेले.
हिरामण नव्हता. पत्र्याची खोली,
चार कोपऱ्यांवर माझेच चार दगड, चुना लावलेले.
त्याची बायको म्हणाली, बिल्डरनं साईट बंद केली,
सहा महिन्यांची मजुरी अडकलीय,
मुकादम फोन उचलत नाही.
हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
हिरामणही माझा उचलत नाही, हे मीही बोलले नाही.
मग खुर्ची पुसून दिली
आणि विचारलं, गुडघा कसाय आता?

खाली बघत बसले.
खराडीच्या कुठल्या बाथरूममधली निळी,
बाणेरच्या हॉलमधली दुधी, सोनेरी शिरांची,
कुणाच्या तरी देवघरातली, अर्ध्या कमळाची.
उरलेल्या, टवके उडालेल्या फरश्या,
दोन सारख्या नाहीत,
पण सांधा एकही चुकलेला नाही.
तेहेतीस वर्षं रेषा ओढल्यात मी.
मला कळतं.

नोटीस पर्समध्ये आहे, बसच्या तिकिटाला चिकटून.
तारीख टाकलेली नाही.
टाकणार नाही असंही नाही.
मलाही महिन्याला गोळ्या लागतात,
दया काही मेडिकलवाला मोजून घेत नाही.

चहा झाल्यावर उठले. गुडघा वाजला नाही.
उंबऱ्यापाशी तिनं हात धरला,
जपून, म्हणाली, इथं खड्डा आहे.
एका फरशीएवढा चौकोन, नुसती वाळू.
तिथं बसेल अशी
अजून कुणाच्या घरात उरलेली नाही.