अस्तराआधी

मागच्या एप्रिलात सात मासे गेले.
पाणी सदतीस अंश, असं मी कॅलेंडरवर लिहिलं,
गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.
वडगाव बुद्रुकचा हा खडक
दिवसभर ऊन गिळतो
आणि रात्री बारापर्यंत ढेकर देत राहतो.
तळं त्याच्या पोटातच खणलेलं.

शब्बीर तांबोळी भोसरीहून आला
टेम्पोत सोळा बोर्ड घालून:
आकाशी रंगाचे, दोन इंच जाड,
आणि इतके हलके, की एक उडून
लिमकरांच्या कुंड्यांत जाऊन पडला.
तीस वर्षं त्यानं दुधाच्या गाड्या आतून मढवल्या.
"दूध काय, मासा काय," म्हणाला,
"बाहेरचं बाहेर राहिलं पाहिजे."

मी हौसेनं चपलांचं सोल्युशन आणून ठेवलेलं, दोन डबे.
त्यानं एका तुकड्यावर थेंब टाकला.
बोर्ड आक्रसला, खचला, आरपार भोक.
"बघा. हे चिकटवत नाही, खातं."
मला माहेरची एक-दोन माणसं आठवली.

मग फोमची बंदूक.
कुरडयांचा सोऱ्या दाबावा तशी दाबायची,
बोर्डाच्या पाठीवर पाच गोळे,
भिंतीला टेकवून तळहात सपाट,
आणि साठपर्यंत मोजायचं. मोजणं माझ्याकडे.
चाळिसाला हात काढला तर ओरडायचा.

तळं गोल, बोर्ड सरळ.
म्हणून मागून दोन-दोन बोटांवर अर्धे काप,
तेव्हा कुठे तो वाकला,
गुडघे दुखणारा माणूस जमिनीवर बसतो तसा,
कुरकुरत, टप्प्याटप्प्यानं.
खिळा नको, स्क्रू नको.
वर चार टन पाणी येणार;
कागद फाटायला एक टोक पुरतं.
फटींना टेप. तळाचा खडा न् खडा वेचला,
तांदूळ निवडतात तसा.

उत्तरेचा शेवटचा बोर्ड बसवताना
त्याचा फोन वाजला.
खड्ड्यात उकिडवा बसून तो नुसतं हं, हं करत होता.
कानावरची पेन्सिल काढून
समोरच्या बोर्डावर त्यानं लिहिलं:
अठरा हजार.
वजा सहा.
वजा साडेतीन.
खाली दोन रेघा. साडेआठ.
आणि बाजूला, मंगळवार, पुढे प्रश्नचिन्ह.

मी वाचलं. मी वाचलं हे त्यानं पाहिलं.
अंगठ्यानं घासलं त्यानं,
पण त्या बोर्डावर पेन्सिल बसली की बसली.
"टेप द्या," म्हणाला. मी दिली.

गुरुवारी पाणी नसतं, म्हणून शुक्रवारी टँकर.
त्याआधी मंगल कार्यालयातून मोडीत घेतलेल्या सतरंज्या,
त्यांवर शेततळ्याचा जाड काळा कागद,
कडा धरायला लिमकरांची दोन्ही पोरं,
इस्त्रीवाल्या पुष्पाताई, आणि टँकरचा क्लीनर
कुणी न सांगता.
पाणी चढत गेलं तसे आतले बोर्ड
एकेक करून भिंतीला टेकल्याचा आवाज आला.
नंतर काहीच नाही. नुसतं तळं.

ठरलेले पैसे दिले.
वर काही दिलं नाही. देता आलं असतं.
त्याचा हिशेब त्याच्या तोंडावर वाचल्यासारखं झालं असतं,
असं मी स्वतःला सांगितलं.
अजून अधूनमधून सांगते.

या एप्रिलात, वर हिरवी जाळी धरून,
भर दुपारी पाणी एकोणतीस.
शब्बीरला मुद्दाम फोन केला.
खूश झाला, माशांची चौकशी केली,
लिमकरांनाही बोर्ड हवेत का विचारलं.
मंगळवारचं माझ्याकडून राहिलं.

मासे उत्तरेच्या कडेला जास्त रेंगाळतात.
सावलीमुळे, लिमकर म्हणतात. असेल.
पाण्यामागे कागद, कागदामागे सतरंजी,
सतरंजीमागे ते साडेआठ हजार
अजून तसेच,
कोरडे.