आठवं वळण, दोनदा

व्रशिचच्या घाटात प्रत्येक वळणाला नंबर आहे.
पाटीवर आकडा, खाली उंची.
येसेनिसेच्या पोलाद कारखान्यात हयात गेलेल्यांना
नंबर नसलेली गोष्ट खरी वाटत नाही,
म्हणून हा घाट आमचा.

आम्ही सात जण, सात तोमोस मोपेड.
पन्नास सीसीला एक कमी;
तो एक चढावर कळतो.
बोगोमिरने इंजिनात काहीतरी केलंय, कबूल करत नाही.
मातेव्झची गाडी हिरवी,
बागेचं फाटक रंगवून उरलेल्या डब्यातली.
त्सिरिलची अडुसष्ट सालची. तो स्वतः अठ्ठ्याहत्तरचा.
दोघंही सकाळी सुरू व्हायला वेळ घेतात.
मी झ्वोन्का. एकतीस वर्षं क्रेन चालवली.
वरून माणसं कशी दिसतात ते मला विचारा:
टोप्या, आणि टोप्यांखालची घाई.

तिसऱ्या वळणावर मागून जर्मन मोटरसायकली आल्या.
रस्त्यात बसलेल्या गाईला वळसा घालावा
तशा आम्हाला घालून गेल्या.
एकाने अंगठा वर केला.
कौतुक की कीव, हेल्मेटमधून कळत नाही.
मातेव्झ म्हणाला, "जेवणाआधी यांचे चार घाट होतील.
आपला एकच. पुरवून पुरवून."

पुढे पायडल मारावं लागतं.
निळा धूर, बीचची सावली,
आणि वळण आलं की फरसबंदी,
ती थेट कवळीत वाजते.

आठव्यावर इंजिन बंद करायचं, असा रिवाज.
कुणी पाडला आठवत नाही.
झाडीत लाकडी चॅपल आहे, कांद्यासारख्या घुमटांचं.
पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन कैद्यांनी केला,
म्हणजे करून घेतला त्यांच्याकडून.
एका मार्चमध्ये वरून बर्फ सुटलं.
किती गेले?
कुणी शंभर म्हणतं, कुणी तीनशे.
एवढ्या नंबरांच्या घाटात
तेवढाच आकडा कुणी नीट लिहिला नाही.

मिनिटभर कुणी बोललं नाही.
तापलेली इंजिनं टिकटिकत निवत होती.
मग सहा सुरू झाली.

त्सिरिलने प्लग काढला, पुसला, फुंकला.
शिव्या दिल्या. आमच्या भाषेतल्या पिचक्या,
म्हणून बोस्नियन, उसन्या घेतलेल्या.
उपाय एकच होता: उतारावर सोडायची,
सातव्यापर्यंत, गिअर टाकून.

"नाही," तो म्हणाला.
"चढलेलं मी उतरत नाही.
तुम्ही व्हा पुढे, येताना न्या मला."
आणि दगडावर बसला,
सामान उतरवून झालेल्या हमालासारखा.

क्रेनवर बाईला बोलायची सवय राहत नाही.
मी इंजिन बंद केलं
आणि गाडीचं तोंड खाली वळवलं.
मग बोगोमिरने. मग मातेव्झने, कुरकुरत.
शेवटी त्सिरिल उठला,
कारण एकट्याने हट्ट करायला
समोर कुणीतरी लागतं.

सात म्हातारी माणसं, आवाज नाही,
फक्त साखळ्यांची किरकिर आणि कानात वारा.
खालून येणारा एक सायकलवाला थबकला.
"रस्ता चुकलात का?"
"विसरलं होतं काहीतरी," बोगोमिर ओरडला.

सातव्याच्या तोंडाशी त्सिरिलची गाडी
खोकली,
पुन्हा खोकली,
आणि बोलायला लागली.

परत आठव्याशी आलो तेव्हा
कुणी थांबलं नाही, थांबायची हिंमतच नव्हती.
त्सिरिलने एक हात सोडून हेल्मेटला लावला.
मेलेल्यांनी समजून घ्यावं.

माथ्यावर ढग होता. कोकरं ओली.
मातेव्झ म्हणाला, "पंचवीस वळणं."
पाटी म्हणत होती चोवीस.
कुणी पाटीची बाजू घेतली नाही.

पुढे त्रेंतापर्यंत सव्वीस, सगळी उताराची.
त्सिरिलचे ब्रेक चांगले होते,
तेवढं एक बरं.