खाल्लेला पूल

केरकुला मुल्बाने पूल खाल्ला
तेव्हा आम्हाला आवाज आला नाही.
बांधलाच नव्हता, मग मोडल्याचा आवाज कुठला?
मन्रोव्हियाहून आलेल्या कागदावर
चारशे दहा पोती सिमेंट.
आम्ही मोजली. बासष्ट.
त्यातली नऊ ओल धरून दगड झालेली.

मोजायला लॉरपू होती, सातवीतली,
आणि मी, खारवलेले मासे विकणारी,
आणि चहाच्या टपरीवरची ती चार पोरं
ज्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं.
आठ दिवस गोदामाच्या दारात बसलो.
शिपाई म्हणाला, साहेब नाहीत.
आम्ही म्हणालो, साहेब नकोत, पोती दाखव.

मग सभा, पलावरच्या गवती छपराखाली.
पोरं म्हणाली, तुरुंगात टाका.
गोरमा उठली. तिची सून
मागच्या पुरात या काठावर बाळंत झाली.
दवाखाना त्या काठावर दिसत होता,
त्यातला कंदीलसुद्धा.
गोरमा म्हणाली,
तुरुंगात हा दोन वेळा जेवेल.
मी नदी कशी ओलांडू?

एवढंच बोलून बसली.
म्हातारे बराच वेळ खोकत राहिले.

ठरलं ते असं:
घरावरचे नवे पत्रे उतरवायचे,
मोटारसायकल विकायची, त्याचं लोखंड आणायचं,
आणि पूल होईस्तोवर
लोकांना त्यानेच पलीकडे न्यायचं,
स्वतःच्या हाताने, डोंग्यातून, फुकट,
रात्री हाक मारली तरी.
वही लॉरपूकडे. दर शनिवारी मोठ्याने वाचायची.

त्याने कोलाचं फळ पुढे केलं.
म्हणाला, मी खाल्लं.
इतकी वर्षं ढेकर न देता पचवलेलं
ते दोन शब्दांत बाहेर यायला
अख्खी दुपार गेली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
गोरमाने फळ घेतलं, चावलं नाही,
कमरेच्या गाठीला बांधून ठेवलं.

आता पाण्यातून दोन खांब वर आलेत.
त्याच्या तळहातांना घट्टे पडलेत.
काही जण अजून डोंग्यात बसून थुंकतात,
पाण्यातच, पण त्याच्या बाजूला.
तो वल्हवतो.

गोरमा कधीच बसली नाही.
उतार बघून चालतच जाते.
काल मात्र पाणी छातीला लागलं.
ती थांबली. त्याच्याकडे न बघता
डोक्यावरची कसाव्याची टोपली
डोंग्यात ठेवली.
ही ने, म्हणाली.
माझं मी बघते.

तो डोंगा तिच्या शेजारून नेत राहिला,
तिच्याच चालीने,
प्रवाह ओढत होता तरी.