दर दहा सेकंदांनी

हॅलिफॅक्समधली गालिच्यांची जुनी गिरणी.
तिसऱ्या मजल्यावर आता माग नाहीत, राउटर आहेत.
रात्रीचे अडीच. मी आणि बॅरी हॉल्रॉइड,
त्याच्या कपातला चहा असा
की चमचा उभा राहावा.

सावर्बी ब्रिजला पाण्याचा पाइप शोधताना
कुणीतरी आमची केबल खणून काढली आहे.

राउटर दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला म्हणतो, आहे.
शेजारी म्हणतो, मीही आहे.
जेवलास का, थंडी किती, काही नाही.
चाळीस सेकंद ऐकू आलं नाही
की समजायचं, वाट गेली.
शेजारी गेला असं नव्हे, वाट गेली.
बॅरी हे दोनदा सांगतो.

मग ज्याची वाट गेली त्यानेच बोलायचं,
तेही आपल्या दारापुरतं:
माझ्या दारातून तीन वाटा होत्या, आता दोन.
एक दहाची, एक चाळिसाची.
चिठ्ठीवर मागच्याहून एकाने मोठा आकडा,
म्हणजे जुनी कुठे फिरत असेल तर फाडता येते.
मिळेल तो ती पुढे देतो,
तिखटमीठ न लावता.

आणि प्रत्येकजण आपापल्या अंधारात
सगळ्या चिठ्ठ्या पसरून नकाशा काढतो,
स्वतःला मध्ये ठेवून
सगळ्यात स्वस्त वाट शोधतो.
कुणी कुणाच्या वहीत डोकावत नाही.
नकाशा तरी एकच निघतो.

टॉडमर्डन सोडून हडर्सफील्डवरून
हॅलिफॅक्सचं बोलणं मँचेस्टरला पोचलंसुद्धा.
गावात कुणी कूस बदलली नाही.

पूर्वी असं नव्हतं, बॅरी म्हणाला.
शेजारी सांगायचा, अमकं गाव इथून चार मुक्कामांवर,
आपण त्यात आपला एक मिळवून पुढे सांगायचं.
मधली वाट तुटली तरी
दोघे एकमेकांचंच ऐकून मोजत राहायचे,
पाच, सहा, सात.
सोळा झाले की गाव नाहीच असं धरायचं.

श्रीरंग माझ्यावर रागावलाय
हे मला विमलकाकूने सांगितलं.
तिला सांगलीच्या ताईने, ताईला कुणीतरी,
आणि त्या कुणीतरीला, आता वाटतं, मीच.
सहा वर्षं झाली.

पावणेचारला काचेचा धागा जुळला, दिवा हिरवा झाला.
नाशकात सव्वाआठ झाले असतील,
तो दूध तापवत असेल.
मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं:
माझ्यापासून श्रीरंगपर्यंतची वाट
माझ्या बाजूने चालू आहे.
महाग आहे, पण चालू आहे.
बाकी कुणाचं मला माहीत नाही.

खरं तर नियम असा आहे
की एकाच टोकाने सांगितलेली वाट
नकाशात धरत नाहीत.
दुसऱ्या टोकानेही म्हणावं लागतं.

बॅरी कप विसळतोय.
दहा. वीस.