ट्रे नंबर चार

पहिल्या ट्रेला नुसतं पाणी.
दुसऱ्याला मुळ्या फोडणारी पावडर,
तिसऱ्याला पावडर अन् औषध दोन्ही,
चौथ्याला फक्त औषध,
ज्याचं लांबलचक नाव तस्नीम मॅडम एका दमात घेतात
अन् मी वहीत लिहिते : रोधक.

काड्या डाळिंबाच्या. पेन्सिलीएवढ्या, खालून तिरप्या,
सगळ्या एकाच झाडाच्या.
परभणीच्या शेडनेटात साडेनऊला,
फवारा सुरू व्हायच्या आधी,
मी प्रत्येक ट्रेतल्या तीन काड्या उपटते,
माती धुते, उलट्या धरते, मोजते.
पहिला : तीन, पाच, दोन.
दुसरा : एकवीस. मोजताना हसू येतं,
म्हाताऱ्याच्या न केलेल्या दाढीसारखं दिसतं ते.
चौथा : शून्य. शून्य. शून्य.

पण मेलेली नसते हो ती.
वर पान हिरवंगार,
खाली गाठ, पांढरी, खरबरीत,
ज्वारीच्या लाहीएवढी.
मॅडम म्हणाल्या, शेंड्यातून निरोप निघतो,
तळाशी पोचला की मूळ फुटतं.
औषध त्याला वाटेतच अडवतं.
म्हणलं, फाटक बंद.
हसल्या. "हां ताई, अन् गाडी उभीच."

वहीत रकाना एकच, मुळ्यांची संख्या.
गाठीला रकाना नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्या कचऱ्यात गेल्या.
चौथ्यातली एक मी पदराला पुसून
डब्याच्या पिशवीत घातली.

सासरे गंगाखेडला अंजिराच्या काड्या लावायचे.
आधी रात्रभर पाटात, वाहत्या पाण्यात.
तिच्यात तिचंच कडू असतं, म्हणायचे,
ते जाऊ दे, मग बोल तिच्याशी.
सकाळी बादलीत बुडवून ठेवलेल्यांचं पाणी
चहासारखं झालेलं असायचं.

वाहतं पाणी.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी,
तोही पाऊण तास.
नळ आला. हंडे रांगेत. मी आधी काडी धरली धारेखाली.
द्वारका भिंतीवरून ओरडली,
"कामून पाणी सांडायलीस गं?"
म्हणलं, औषध उतरवायलेय.
"कोणाचं?"
मला पटकन काही सांगता आलं नाही.
खाली हंडा सरकवला, तेवढं तरी भरू दे.

आता ती गोडेतेलाच्या डब्यात आहे.
माती, थोडी राख, कपभर पाणी.
पान अजून आहे.
हाताला उपटून मोजायची सवय लागलेली,
म्हणून डबा वर ठेवलाय,
पत्र्याच्या कडेला, विटेआड,
जिथं स्टुलाशिवाय
माझा हात पुरत नाही.