दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

हमूद आवाज तोंडानं काढून दाखवतो:
ओठ मिटून, नाकातून, एक बारीक लांब ऊंऽऽ.
गाडी तापली की वाढतो, म्हणतो,
परवा तुम्ही पट्टा बदललात, त्याआधी नव्हता.

वादी कबीर, दुपारचे दोन.
पंखा गरम हवा उचलून
एका कोपऱ्यातून दुसऱ्यात नेऊन टाकतोय.
जुन्या लान्सरचं बॉनेट वर.
दाऊदभाई सरगुरोह वाकतात,
उजवा कान पुढे करतात, मग डावा,
सरळ होतात.
"काय पण नाय. मस्त चालतेय."

मला येतो ऐकू.
शेजारच्या टायरवाल्याला येतो.
चहावाला पोरगा ग्लास ठेवता ठेवता
इंजिनाकडे बघतो, त्यालाही येतो.
एकतीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभ्या माणसाला
नेमका तेवढाच येत नाही.

हे कसं सांगायचं?
आणि त्याहून अवघड, दुसरं:
पट्टा मी बसवलाय. पहिल्यांदा, एकट्यानं.
खुणा जुळवल्या, क्रँक हातानं दोन फेरे फिरवला,
खुणा पुन्हा पाहिल्या, पाने आवरून झाल्यावर परत एकदा.
घसरला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील,
हमूदची टॅक्सी जाईल, माझा व्हिसा जाईल,
म्हणून टेन्शनर कसताना
अजून थोडा. अजून चिमूटभर.
आमच्या गडहिंग्लजला बाजारातून आणलेला बैल
पहिल्या रात्री असाच आखूड बांधतात.

दाऊदभाई हमूदच्या तोंडाकडे बघतात, मग माझ्या.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतात.
कानाला लावतील, वाटलं.
त्यांनी मूठ दाढांत धरली.

टोक अल्टरनेटरवर: मान हलते, नाही.
वॉटर पंपावर: नाही.
टेन्शनरच्या बोल्टवर टेकवलं
आणि डोळे मिटले.
नाकाच्या शेंड्यावरून घाम मडगार्डवर पडतोय,
वाळतोय, पडतोय.
"आआ," म्हणाले, तोंडातली मूठ न काढता. आला.

कुणी कसला, विचारलं नाही.
"पट्टा बोटांत धरून पिळून बघितलेलास? पाव फिरला?"
मी गप्प.
"आता हात नको लावू. थंड झाला की उघड."

थंड.
जुलैत, मस्कतमध्ये.
हमूद भाच्याला बोलावून घरी गेला.
मी उलट्या डब्यावर बसून राहिलो.
ब्लॉक आकसताना टक् वाजतो,
बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्.
नऊला हात लावला, गरम.
अकराला लावला, गरम,
पण मग ज्या डब्यावर बसलो होतो तोही होता,
शटरची कडी, नळाचं पाणी.
इथे थंड म्हणजे हाताइतकं.

एकला उघडलं. बोल्ट सैल केला.
स्प्रिंगनं पट्टा आपणच ओढून घेतला,
तिला हवा होता तेवढाच.
मी नुसता बोल्ट आवळला. दोन फेरे. खुणा.
पट्टा बोटांत पाव फिरला, पुढे अडला.

सुरू केली तसे दाऊदभाई
माडीवरून लुंगीत खाली आले.
स्क्रूड्रायव्हरची मूठ लुंगीला पुसून माझ्यापुढे धरली.
"दाढेत धर. पुढचे माझे तर खोटेच आहेत."
धरली.
ऑइल, लोखंड, थोडी त्यांची मशेरी,
आणि जबड्यातून वर, कवटीभर, कान सोडून सगळीकडे
लान्सर.

"हां," ते म्हणाले. "आता काढ. आता कानानं आयक.
ऊं हाय?"
नाही, म्हटलं.
"बराबर आयक."
नाही दाऊदभाई.
ते तसेच उभे राहिले थोडा वेळ,
चालत्या गाडीवर हात ठेवून.

सकाळी हमूद रुवीपर्यंत जाऊन आला.
काच खाली केली, ओठ मिटले
आणि काहीच आवाज काढला नाही.
दाऊदभाईंनी माझ्याकडे बघितलं:
काढला, की नाही काढला?
मी मान हलवली.
मग ते हसले.